बुटक्यांची घरं

बुटक्याचं नाक शेवटी लावतात. अंगाबरोबर घडवलं तर सिमेंट सुकताना ते खाली सरकतं आणि चेहरा रडका दिसतो.

*

फ्रान्सिस्काच्या घरात काजू येत नाहीत. नाताळच्या केकमध्येही नाहीत.

*

"प्लासिदकाका, निकेत बोलतंय. औंदा बुटक्यांका पांढरी दाढी नको हां. गेल्या वर्षी एक पावणी माका विचारता, हयसर वृद्धाश्रम आसा काय."

*

सिमितेरीत, म्हणजे चर्चमागच्या दफनभूमीत, जागा वाढत नाही. एका अंगाला वाळू, दुसऱ्या अंगाला रस्ता.

*

बेडूक भाडं देत नाही.

*

रविवारच्या मिस्सानंतर फादरांनी नावं वाचली. फादर नवे, वसईकडचे, त्यांचं मराठी पुस्तकातलं. मृतांच्या दिवसाआधी जुन्या कबरी उघडायच्या होत्या. ज्यांना आपल्या माणसाची हाडं भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची असतील त्यांनी पेटी आणावी. बाकीची मागच्या सामायिक खड्ड्यात जातील.

मधेच कुठेतरी क्लॉडियाचं नाव आलं. फ्रान्सिस्का गुडघ्यांवरून उठत होती. ती अर्ध्यातच थांबली, बाकाची कड धरली आणि मग उठली.

नवराबायको घरी आली. चपला काढताना ती म्हणाली, "कणकवलीत पेटयो मिळतत. लाकडाच्यो."

"माका ठावक आसा."

"मगे घेवन ये एक."

"मी करतलंय."

"काय करतलंस?"

"घर."

ती एक चपल हातात धरून उभी राहिली. "घर," ती म्हणाली. "बुटक्याचा?"

प्लासिद अंगणात गेला. तिथे निकेतचे बुटके ओळीने सुकत पडले होते. टोप्या होत्या, दाढ्या होत्या, नाकं अजून नव्हती.

*

प्लासिद आधी गवंडी होता. कट्टा गावापासून मालवणपर्यंत त्याने लोकांची चिऱ्याची घरं उभी केली आणि त्या चिऱ्यांनी त्याची कंबर घेतली. क्लॉडिया तेव्हा लहान होती. घरी बसलेल्या बापाने उरलेल्या सिमेंटचं हातभर घर केलं आणि जामाच्या झाडाखाली ठेवलं. तिने त्यात एक बेडूक आणून ठेवला आणि ती दिवसभर दारात बसून राहिली.

"पाय," ती बापाला म्हणाली, "हो भाडा देणा नाय."

"मगे भायर काढ तेका."

"पावस पडता. खंय जातलो तो?"

बेडूक आपणच गेला. दुसऱ्या दिवशी तिने दुसरा आणला.

रस्त्यावरून जाणाऱ्या एका पाहुणीने ते घर पाहिलं आणि फोटो काढला. मग किनाऱ्यावरच्या होमस्टेवाल्यांना बागेत तशी घरं हवी झाली. मग त्या घरांत राहायला लाल टोपीचे, दाढीवाले बुटके हवे झाले. तसले बुटके कुठल्या देशात असतात ते प्लासिदला माहीत नव्हतं. मोबाइलवर चित्र दाखवलं, त्याने केले. होमस्टेवाल्या निकेतच्या बागेतला गणपत माळी त्यांतल्या एकापुढे रोज विडी ठेवतो. विचारलं तर म्हणतो, "राखणदार असलो तर बरा. नसलो तर विडी माझीच आसा, सांजेक ओढतंय."

अकरावीची परीक्षा देऊन क्लॉडिया बांद्याला मावशीच्या बागेत काजू वेचायला गेली. त्या वर्षी त्या बाजूला माकडताप होता, पालापाचोळ्यातल्या गोचिडीतून येणारा. आठवड्यात ती गेली. फ्रान्सिस्का तेव्हा काजूच्या कारखान्यात गर सोलायची. त्यानंतर ती तिथे पुन्हा गेली नाही. पगार आणायलाही नाही.

*

सिमितेरीच्या भिंतीत कोनाडे एकावर एक आहेत. प्लासिदने रिकाम्या कोनाड्यात काठ्या घातल्या आणि त्याच्या रुंदीएवढी एक, खोलीएवढी एक, अशा कापून घरी आणल्या. त्या काठ्यांच्या मापाने, मागे चार बोटं जागा सोडून, घर उभं राहिलं. वाळू त्याने नदीची आणली आणि खारटपणा राहू नये म्हणून पुन्हा पुन्हा धुतली. बुटक्यांच्या घरात तो साधी तार घालतो. यात त्याने जाळी घातली, दुहेरी. कौलं चमच्याच्या पाठीने ओढली. वळचण पुढे काढली. पायरी केली. छप्पर उचलता येईल असं वेगळं ठेवलं.

निकेत बुटके बघायला आला तो घरासमोरच उभा राहिला.

"काका, ह्या माका व्हया. बुटक्यांचो सरपंच रवतलो ह्याच्यात."

"ह्या दिलेला आसा."

"कोणाक? त्या पुलाकडच्या होमस्टेवाल्याक? मेलो माझा सगळा बघून बघून करता."

"नाय रे."

"मगे कोणाक, सांग तरी."

"क्लॉडियाक," फ्रान्सिस्का आतून म्हणाली.

निकेतने बुटक्यांकडे पाहिलं, नाकं कधी लागतील तेही विचारलं नाही, आणि मोटरसायकल सुरू न करता फाटकापर्यंत ढकलत नेली.

*

कबर उघडली तेव्हा ऊन अजून भिंतीच्या पलीकडे होतं. खणणारा इनास कमरेएवढा आत होता. फ्रान्सिस्काने नवा पंचा पसरला होता आणि पाण्याची कळशी शेजारी ठेवली होती. प्लासिदने छप्पर उतरवून घर तिथे मांडलं होतं. इनास वर हात करून एकेक देई, ती धुई, पुसे आणि प्लासिदकडे देई.

"माझ्या हातची माणसां बरी," इनास खालून म्हणाला. "जागा बदलली तरी कुरकुर करनत नाय." कोणी हसलं नाही तेव्हा तो म्हणाला, "चुकला. सवय आसा बोलूची."

डोकं फ्रान्सिस्काने स्वतःच घरात ठेवलं. बरगड्या गेल्या. बोटांची हाडं तिने रुमालात बांधून कोपऱ्यात सारली. मग इनासने मांडीचं हाड वर दिलं.

प्लासिदने ते आडवं घातलं. ते बसेना. तिरकं घातलं, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. ते वळचणीच्याही वर राहिलं. त्याने ते बाहेर काढलं, उलट टोकाकडून घातलं, जणू दुसऱ्या बाजूने ते लहान होणार होतं.

इनास बाहेर आला. अंगावरची माती झाडत त्याने घरात डोकावून पाहिलं.

"होता असा," तो हळू म्हणाला. "पेटी बारीक पडली की गुडघ्याकडसून जरासा..." त्याने दोन्ही मुठी काठी मोडल्यासारख्या वळवल्या. "सगळेच करतत. फादर कायएक म्हणनत नाय."

"माप बरोबर घेतलंय," प्लासिद म्हणाला. "कोनाड्यात घर बराबर बसता."

"कोनाड्याचा घेतलंस," फ्रान्सिस्का म्हणाली. "तिचा खंय घेतलंस?"

त्याच्या हातात ते हाड होतं. त्याने ते स्वतःच्या मांडीला लावून पाहिलं नाही, पण इनासला वाटलं की तो आता लावील, आणि इनासने मान दुसरीकडे फिरवली.

"जरासाच," इनास पुन्हा म्हणाला.

"मोडूचा तर घर मोड," फ्रान्सिस्का म्हणाली.

*

जे आत ठेवलं होतं ते तिने सगळं बाहेर काढलं आणि पुन्हा पंच्यावर मांडलं. प्लासिदने घर पालथं केलं आणि इनासची पहार मागच्या भिंतीवर मारली. पांढरा ओरखडा उठला, बस. पुन्हा मारली. आवाज सिमितेरीभर गेला. भिंतीवरचे कावळे उठले, फिरले आणि परत तिथेच बसले.

फादर पुस्तक घेऊन आले होते.

"अजून वेळ लागेल का?"

"होय, फादर."

"फार मजबूत केलंत."

"होय, फादर."

इनासने पहार मागितली, प्लासिदने दिली नाही. भिंत तडकली तेव्हा जाळीने तिला धरून ठेवलं. पक्कड कोणाकडेच नव्हती. त्याने तार हातानेच मागेपुढे वाकवून एकेक तोडली. अंगठ्याला लागलं. फ्रान्सिस्काने तो अंगठा पाहिला आणि कळशी त्याच्याकडे सरकवली. मागची भिंत अखेर अख्खीच निघून आली.

पायांची हाडं मागून बाहेर राहिली. पुढून काही दिसत नव्हतं. पुढून दार होतं, पायरी होती, कौलं होती. प्लासिद आणि इनासने घर कोनाड्यात सरकवलं. फादरांनी प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडलं. तोंडावर फरशी बसवताना प्लासिदने सांधा स्वतःच्या थापीने भरला, ओल्या बोटाने सारखा केला, आणि सारखा झाल्यावरही बोट फिरवत राहिला.

"पुरे," फ्रान्सिस्का म्हणाली.

*

ती भिंत त्यांनी पिशवीतून घरी आणली. सिमितेरीत टाकून यायला दोघांनाही सुचलं नव्हतं. फ्रान्सिस्काने ती धुण्याच्या दगडाला टेकवून ठेवली. तेव्हा तिला दिसलं, तिच्यात एक खिडकी कोरलेली होती, दोन गजांची.

"मागसून पण खिडकी काढलंस? थंय कोण बघतलो?"

"वारो येवक व्हयो," प्लासिद म्हणाला.

तिने कळशी उपडी करून हात धुतले. तो अंगणात बसून बुटक्यांची नाकं वळू लागला.

*

शाळेत क्लॉडिया शेवटच्या बाकावर बसायची. पुढे बसली की मागच्यांना फळा दिसत नसे.