वळणे न दिसलेले घड्याळ

“घाई करू नकोस गं. आधी त्याला आभाळ बघू दे, मग पळ.”

हे ओपलचे शब्द. स्वतःच्या हातावरून उतरवून तिने मला मार्लिसच्या मनगटावर बांधले, तेव्हा ती हे म्हणाली होती. मित्रांनो, मी धावणाऱ्या माणसांचे एक जुने घड्याळ आहे. वेळ काय, कुठलेही घड्याळ सांगते. मी माणूस कुठून कुठे गेला तेसुद्धा सांगते, निदान लोकांचा तसा समज आहे. त्या समजापायी एका सरळ बाईकडे सगळे गाव तिरक्या नजरेने पाहू लागले, त्याची ही गोष्ट.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला आठवत नाही. पहिली आठवण आहे ती दुकानातल्या काचेच्या कपाटाची आणि त्यावर वाकलेल्या ओपलच्या चेहऱ्याची. ओपल मोंटानातल्या आमच्या डोंगराळ गावात टपाल वाटते. तिने मला फार निगुतीने वापरले. पळायला निघण्याआधी ती मोकळ्या जागी शांत उभी राही. आभाळातले उपग्रह माझ्या नजरेला पडून मी थरथरले की मगच पहिले पाऊल टाकी. पट्टा असा बांधी की तो हलू नये, पण कातडीवर वळही उठू नये. घरी आली की नळाच्या साध्या पाण्याखाली मला धरी. माझ्या कडेला बारीक भोके आहेत. त्यांतून मी हवेचा दाब जोखते आणि किती उंच चढलो ते ओळखते. त्यांत घामाचे मीठ साचू नये म्हणून एवढी काळजी. लोक म्हणत, “ओपलचं घड्याळ म्हणजे अगदी खरं!” मला ते ऐकून बरे वाटे. आता मी तेवढ्या पटकन कुणाचे कौतुक खरे मानत नाही.

पुढे ओपलने नवे घड्याळ घेतले आणि मी तिच्या जिवलग मैत्रिणीकडे आले. मार्लिस शाळेची बस चालवते. दोघी कित्येक वर्षे एकत्र पळत आल्या आहेत. मार्लिसची माया मोठी, पण माझ्या बाबतीतली समज बेताची. ती मला बांगडीसारखे सैल घाली. त्यामुळे मला तिच्या काळजाचे ठोके नीट लागत नसत आणि कधी कधी मी तिची पावलेच ठोके म्हणून मोजत असे. पाण्याखाली धरायचे ती विसरे. महिनोन्महिने मला फोनशी जोडत नसे, म्हणून उपग्रह आज कुठे आहेत याची ताजी खबर मला मिळत नसे आणि त्यांना शोधता शोधता मी दमून जाई. माझी बॅटरीही म्हातारी झाली होती. एकदा अर्ध्या वाटेत मी बंदच पडले.

आमच्या गावामागच्या डोंगरावर एक पायवाट आहे. ती गावातल्या धावणाऱ्या मंडळींनी स्वतः कुदळ-फावडे घेऊन खणलेली आहे. वर जाताना ती नऊ आखूड वळणे घेते, आणि त्या वळणांच्या पोटातून एक उभी घळ थेट माथ्याकडे जाते. घळीतून गेले तर दम लवकर लागतो, पण वाट निम्म्याहून कमी होते. तसे जायचे मात्र नाही. एकाचे पाऊल सरळ गेले की वसंतात वितळलेल्या बर्फाचे पाणीही त्याच रेघेने धावते आणि सगळा उतार खचतो. म्हणून आमच्याकडे दुसऱ्याच्या दारातले लाकूड पळवणाऱ्याला एक वेळ माफी आहे, वळण कापणाऱ्याला नाही.

शरदात लार्चची सूचिपर्णी झाडे पिवळी पडली की प्रत्येकाने सोयीच्या दिवशी एकट्याने डोंगर चढून यायचे, ही आमची रीत. मग शनिवारी सकाळी कॉर्बिनच्या कॉफीच्या दुकानात घड्याळे घेऊन जमायचे. कॉर्बिन आमच्या धावणाऱ्यांच्या मंडळाचा प्रमुख. घड्याळाने नोंदलेली, माणूस गेला त्या वाटेची रेघ तो पडद्यावरच्या नकाशावर ठेवतो. रेघ वाटेला जुळली की दुकानाबाहेरच्या फळीवर तुमचे नाव रंगवतो. घड्याळे नव्हती तेव्हाचा एक जुना नियमही आहे. तुम्ही वाटेनेच गेलात, असा दुसऱ्या कुणी तुमच्यासाठी शब्द दिला तर नाव लागते. पण यंत्रे आली आणि शब्द मागायची वेळ कुणावर आली नाही.

गेल्या शरदात मार्लिस एका रविवारी चढून आली आणि मला घेऊन शनिवारी दुकानात गेली. कॉर्बिनने माझी रेघ नकाशावर ठेवली. दुकानात पॅनकेक भाजल्याचा वास होता, गलका होता. हळूहळू तो गलका बसला.

“मार्लिस,” कॉर्बिन म्हणाला, “हे काय गं बाई? तू काय पक्षी झालीस?”

पडद्यावर पायवाट नागासारखी वळत होती आणि माझी रेघ तिच्यामधून, घळीच्या अगदी शेजारून, सरळसोट वर गेली होती.

“मी वाटेनंच गेले,” मार्लिस म्हणाली.

“उंची बघ. इथे एकदम उडी. आणि काळीज बघ, इथे नुसतं धाडधाड. घळ चढल्यावरच असं होतं.”

“मी वाटेनंच गेले, कॉर्बिन.”

“पोटरीला काय लागलंय?”

“रानगुलाबाचे काटे.”

“ते घळीतही आहेत,” मागून कुणीतरी बोलले.

मार्लिसने ओपलकडे पाहिले. ओपलने कॉफीच्या कपाकडे पाहिले. ते मी पाहिले.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, तू तर तिच्या मनगटावर होतेस, तू का नाही सांगितलेस? मला ठाऊक असते तर ना! वाटेत बंद पडू नये म्हणून मार्लिसने मला त्या दिवशी बॅटरी वाचवण्याच्या सोयीवर टाकले होते. त्या सोयीत मी दर थोड्या वेळाने एकदा डोळा उघडते, आभाळ पाहते, एक ठिपका मांडते आणि पुन्हा झोपते. दोन ठिपक्यांच्या मध्ये काय घडले ते मला कळत नाही. मी नुसती सरळ रेघ ओढून देते. गावात एवढे म्हातारे घड्याळ दुसऱ्या कुणाकडे नव्हते, ती सोय कुणी वापरतच नव्हते, म्हणून ती कुणाच्या डोक्यात आली नाही. आणि खरे सांगते, माझ्याच मनात शंका शिरली. झोपेत असताना ती घळीत उतरली असेल का? काळीज खरेच धडधडले की मी पावले मोजली? उंचीची उडी खरी की भोकांतल्या मिठाची? ज्या मनगटावर मी रोज बसत होते, त्याच मनगटाकडे मी संशयाने पाहू लागले.

आठवडाभर गावात हेच चालले. बसथांब्यावर मुलांचे आईबाप मार्लिसला हात करत, पण पूर्वीसारखे दोन शब्द बोलायला थांबत नसत. कुणीतरी घळीत ताजी माती उकरलेली पाहून आले. एल्क हरणेही माती उकरतात, पण हरणांचे नाव कुणी घेतले नाही. कॉर्बिनने सांगून टाकले की पुढच्या शनिवारपर्यंत रेघेचा उलगडा झाला नाही, तर मार्लिसचे नाव फळीवर लागणार नाही आणि वसंतात वाट दुरुस्त करायलाही तिला बोलावणार नाही.

मार्लिसने मला ओपलच्या हातात ठेवले. “बघ तूच. तुझंच होतं.”

“मंडळी म्हणतात, यातलं सगळं पुसून नव्यासारखं कर,” ओपल म्हणाली.

“तुला काय वाटतं?”

“पुसलं तर त्या दिवसाचंही पुसलं जाईल,” ओपल म्हणाली. मार्लिस घळीतून गेली असे वाटते का, हा त्यामागचा खरा प्रश्न तिने टाळला. मार्लिसनेही पुन्हा विचारले नाही.

ओपलने मला घरी नेले. कोमट पाण्यात बराच वेळ ठेवून मऊ ब्रशने भोके साफ केली. मीठ निघाले, ऊन लागू नये म्हणून लावायच्या मलमाचा चिकटाही निघाला. पट्टा पुसला. मला फोनशी जोडले, उपग्रहांची ताजी खबर दिली. मग माझ्या सोयी एकेक उघडून पाहू लागली आणि बॅटरी वाचवण्याच्या सोयीवर तिचे बोट थांबले.

ती तशीच कॉर्बिनकडे गेली.

“बघ, हे चालू होतं. म्हणून रेघ सरळ आली असेल.”

“किंवा सरळ जायचं होतं म्हणून हे चालू केलं असेल,” कॉर्बिन म्हणाला.

“तू पण ना! माणसानं किती वाकडं बघावं?”

“तू सरळ बघतेस का? मग त्या दिवशी कपात काय बघत होतीस?”

ओपल मला उचलून निघाली. दुसऱ्या दिवशी टपाल वाटून झाल्यावर तिने मला घट्ट बांधले, तीच सोय चालू केली आणि डोंगर चढली. एकही वळण तिने सोडले नाही. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण प्रत्येक वळणावर ती माझे बटण दाबून मला खूण करायला लावत होती. वर पोचून तिने माझी रेघ पाहिली. ती सरळसोट वर गेली होती. उंची मात्र या वेळी हळूहळू, नीट चढली होती, आणि काळजाचे ठोके बाईच्या वयाला शोभतील असे होते.

कॉर्बिन रेघ पाहून पोट धरून हसला. “म्हणजे तूही घळीतूनच गेलीस म्हणायची!” मग हसू आवरून म्हणाला, “ओपल, यातून एवढंच कळलं की या डबड्याला काही दिसत नाही. मार्लिस वाटेनं गेली, हे कुठं कळलं? आता शब्दच द्यावा लागेल कुणाला तरी. देतेस?”

मला वाटले, ती लगेच हो म्हणेल. ती म्हणाली, “उद्या सांगते.”

त्या संध्याकाळी ती मार्लिसकडे गेली. मार्लिस अंगणातल्या गोठलेल्या दवावर घसरून पडली होती. गुडघा सुजला होता आणि त्यावर गोठवलेल्या मटारांची पिशवी होती. ओपल कोट न काढताच बसली.

“एक विचारते, सरळ सांग. घळीतून गेलीस का?”

“आठवडा लागला तुला हे विचारायला.”

“लागला. सांग.”

मार्लिसने मटारांची पिशवी इकडून तिकडे केली. “कशी जाऊ गं? वळणावर माणसं आहेत ना.”

“कसली माणसं?”

“हसणार नसशील तर सांगते. प्रत्येक वळणावर मी मनातल्या मनात एकेका माणसासाठी प्रार्थना करते. दर रविवारी, चर्चमध्ये जायच्या आधी. नवऱ्यासाठी एक. बसमधल्या त्या दम्याच्या मुलासाठी एक. एक कॉर्बिनसाठी, त्याचा स्वभाव माहीत असूनही. वळण कापलं तर कुणाला तरी गाळावं लागेल. कुणाला गाळू?”

ओपलने कोटाची बटणे काढायला सुरुवात केली आणि मग पुन्हा लावली. “माझंही आहे का एखादं?”

“पाचवं. दम लागतो तिथलं.”

“हे तू दुकानात का नाही सांगितलंस?”

“ते काय दुकानात सांगायचं असतं?”

ओपलने डोळे पुसले. मग म्हणाली, “या रविवारी तू कशी जाणार?”

“तेच तर. इतक्या वर्षांत एकही रविवार चुकला नव्हता.”

“मी जाते. नावं सांग.”

मार्लिसने नऊ नावे सांगितली. ओपलने ती पुन्हा म्हणून दाखवली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर आली. “पाचव्यावर स्वतःचं नाव घ्यायला लाजशील,” मार्लिस म्हणाली. “लाजू नकोस. ते गाळलंस तर मला कळेल.”

“कसं कळेल? या घड्याळाला तर काही दिसत नाही.”

“मला कळेल.”

शनिवारी ओपलने भरल्या दुकानात उभे राहून शब्द दिला. कारण सांगितले नाही. कुणीतरी पुरावा विचारला, तेव्हा ती म्हणाली, “शब्द म्हटलं ना मी?” कॉर्बिनने तिच्याकडे जरा रोखून पाहिले, मग कुंचला उचलला आणि बाहेर जाऊन फळीवर नाव रंगवले. मागच्या टेबलावर दोघे-तिघे अजून कुजबुजत होते. संशय एकदा आला की मिठासारखा बारीक भोकांत बसतो. तो काढायला पाणी लागते आणि वेळही लागतो.

मित्रांनो, तुमच्याही मनगटावर माझ्यासारखे कुणी असेल. त्याला साध्या पाण्याने धूत जा, नीट बांधत जा, त्याला ताजी खबर देत जा, आणि त्याची झोप चालू आहे की जाग, हे निघण्याआधी बघत जा. ते काही विचित्र सांगू लागले तर लगेच पुसून टाकू नका आणि लगेच त्यावर विश्वासही ठेवू नका. आणि माझी एक कळकळीची विनंती आहे. कुणाविषयी काही जाणून घ्यायचे असेल, तर आम्हा घड्याळांना विचारण्याआधी त्या माणसाला विचारा. आठवडा लावू नका.

रविवारी उजाडता उजाडता ओपल पायवाटेच्या तोंडाशी आली. गवतावर पांढरे दव गोठले होते. मी तिच्या मनगटावर पूर्ण जागे होते, बॅटरी भरलेली होती. सवयीने तिचे बोट रेघ सुरू करायच्या माझ्या बटणाकडे आले, क्षणभर थांबले आणि तसेच मागे गेले. मग तिने ओठांत पहिले नाव धरले आणि ती पहिल्या वळणाकडे चालू लागली.