वेत वाळेपर्यंत

“या घरात सगळंच उलटं. जुनी खुर्ची बोलून बोलून कान किटवते, आणि नवी सून मूग गिळून बसलेली.”

मावशी हे स्वयंपाकघरात म्हणाल्या, अगदी हळू आवाजात. पण मावशींचा हळू आवाज दोन खोल्यांना सहज पुरतो. मधल्या खोलीत मी होते, आणि माझ्या पाठीवर हात टेकून नवी सून उभी होती. दोघींनीही ऐकलं. मला वाटलं, आता ही रडणार. ती हसली, आवाज न करता. ते हसू तिच्या बोटांतून माझ्या पाठीत उतरलं, आणि तेव्हापासून आमचं जमलं.

तर ती कान किटवणारी मीच. मी वेताची खुर्ची बोलतेय. सून पुढे बोललीच, पण तिथवर पोचायला मला जरा लांबून यावं लागेल.

मी आधी वेल होते. लोकांना वेत म्हटलं की छडी आठवते. शाळेत गेलेल्या माणसांना त्याबद्दल मी माफ केलं आहे. पण वेत चढतो. अंगावरच्या आकडेदार काट्यांनी शेजारच्या झाडाला धरत तो वर जातो. खाली ओल होती आणि काळोख होता. वर उजेड आहे असं मला कोणी सांगितलं नव्हतं. कधीतरी पानांतून एखादा कवडसा खाली यायचा, थरथरायचा, निघून जायचा. तेवढ्या भरवशावर मी चढत राहिले. वरचं आभाळ मला दिसलं होतं का, आठवत नाही. पण दुपारी घर निजलं की अजूनही तेच स्वप्न पडतं. मी चढतेय, आणि खूप वर काहीतरी पांढरं हलतंय.

पुढे मला तोडलं, वाळवलं, सोललं, माझ्या पट्ट्या काढल्या. दुखलं का? दुखलं. उगाच खोटं कशाला बोलू.

या घरात मला विणलं ते आईंनी. आज ज्यांना सून ‘आई’ म्हणते, त्या तेव्हा स्वतःच नव्या सूनबाई होत्या. विणकाम त्या माहेरी शिकल्या होत्या. त्यांनी पट्ट्या पाण्यात भिजवल्या, लाकडी चौकटीच्या भोकांतून ओढल्या, उभ्या, आडव्या, मग तिरक्या. वेत ओलाच विणावा लागतो, कोरडा मोडतो. आणि ओला असताना तो सैल दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, हे काही खरं नाही. मग तो वाळत जातो आणि आपोआप ताठ होतो. त्याला मदत लागत नाही. फक्त तोवर बसायचं नसतं.

आईंचे यजमान, म्हणजे आताचे बाबा, संध्याकाळी घरी आले. बायकोचं पहिलं काम बघून त्यांचा ऊर भरून आला आणि कौतुकाने ते धपकन माझ्यावर बसले.

मी खोल गेले ती गेलेच. वाळले, पण खोलगटच वाळले. आई काही ओरडल्या नाहीत. “थोडं थांबला असतात तर,” एवढंच म्हणाल्या. हे वाक्य नंतर घरात चलनी नाण्यासारखं फिरलं. बाबांनी गरम चहाने जीभ भाजून घेतली, थोडं थांबला असतात तर. बाबा बसमधून आधीच्याच थांब्यावर उतरले, थोडं थांबला असतात तर. बाबाही हसत आले आहेत.

बाकी माझं आयुष्य चारचौघींसारखं. माझ्यावर माणसं कमी बसतात, कपडे जास्त. इस्त्रीचे, बिनइस्त्रीचे, आणि ज्यांचं काय करायचं हे ठरत नाही असे. पाहुणे आले की ते सगळे उचलून पलंगावर जातात, आणि मी पुन्हा खुर्ची होते. संध्याकाळी मात्र मी आईंची. दिवा लागला की घर माझ्याभोवती जमायचं, आई माझ्यावर बसून प्रार्थना सांगायच्या, आणि बाबा ‘आमेन’ नेहमी जरा लवकर म्हणायचे. आईंनी या खोलीत बसून अख्ख्या गल्लीच्या खुर्च्या विणल्या. चर्चच्या पुढच्या रांगेतल्यासुद्धा.

मग त्यांची बोटं सुजली. आधी सकाळपुरती, मग दिवसभर. कप दोन्ही तळव्यांत धरावा लागे. ब्लाउजचं बटण लावायला वेळ लागे, आणि मग तेही जमेना. डॉक्टर म्हणाले, हा सांध्यांचा आजार आहे, सूज हळूहळू उतरेल, गोळ्या चुकवायच्या नाहीत. “बंद केल्या तर बोटं वाकतील, आणि वाकली की वाकलेलीच राहतील.” मला हे लगेच समजलं. माझी बैठक तशीच आहे.

भेटायला माणसं येऊ लागली. आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस मी जवळून पाहिला आहे. तो आधी खुर्चीच्या कडेवर बसतो, मग मागे टेकतो, आणि टेकला की उपदेश करतो. कोणी म्हणालं, देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो. कोणी म्हणालं, मनात काही राग धरलाय का, तपासून बघा. आई सगळ्यांना म्हणायच्या, “चहा घेणार ना?”

घरातला मुलगा, सुनेचा नवरा, चांगला आहे. पण आईला फार दुखतंय असं कोणी म्हटलं की तो उठून पंखा दुरुस्त करायला घेतो. घरातले पंखे त्या काळात फार उत्तम चालत.

आणि मग मावशी राहायला आल्या. आईंच्या थोरल्या बहीण. आईंची आई लवकर गेली. मावशींनी धाकटीला कडेवर घेऊन वाढवलं, स्वतःच्या ताटातला घास दिला. त्यामुळे आईंनी आजवर ‘ताई’ला नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. मावशींनी उपवास धरला. माझ्या हातावर कपाळ टेकून त्या प्रार्थना करत, आणि माझा हात ओला होई. मावशींबद्दल मी काही वाईट बोलणार नाही. ते अश्रू खरे होते.

गोळ्यांनी गुण यायला सुरुवात झाली होती. एका सकाळी आईंनी कप एका हाताने उचलला. मावशींनी पाहिलं आणि कपाळाला हात लावून खालीच बसल्या.

“झालं. प्रभूने ऐकलं. तू बरी झालीस.”

“ताई, जरा बरं वाटतंय, एवढंच.”

“जरा बरं म्हणजे काय? प्रभू अर्धवट काम करतो का? येत्या रविवारी चर्चमध्ये उभी राहून साक्ष दे, प्रभूने मला बरं केलं म्हणून सगळ्यांना सांग. मी तिथल्या पाळकांना सांगून येते. आणि त्या गोळ्या आता बंद. एकीकडे बरी झाले म्हणायचं आणि दुसरीकडे गोळी गिळायची, हे कसं दिसेल?”

आईंनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी पेपरकडे पाहिलं. आईंनी गोळ्यांचं पाकीट माझ्या गादीखाली सरकवलं. मावशींना वाटलं फेकून दिलं. मी ते पोटाशी धरून बसले.

चारच दिवसांत सूज परत आली. आई शालीखाली हात ठेवू लागल्या. मावशी घरोघर सांगून आल्या होत्या; साक्षीची बातमी आता साऱ्या चर्चला झाली होती.

याच आठवड्यात माझी बैठक फाटली. जुनंच दुखणं, कधीतरी व्हायचंच होतं. मावशी म्हणाल्या, टाकून द्या. सून म्हणाली, “मी विणते.” लग्न होऊन आल्यापासून एवढं मोठं वाक्य ती प्रथमच बोलली असावी, कारण सगळेच तिच्याकडे बघायला लागले.

दुपारी मावशी झोपल्यावर तिने मला खिडकीत घेतलं. गादी उचलली. पाकीट खाली पडलं. मावशींनी बंद म्हटल्यापासून एकही गोळी कमी झालेली नव्हती. तिने आईंकडे पाहिलं. आईंनी शाल आणखी ओढून घेतली.

“ताईला सांगू नकोस, बाळ. ती माझ्यासाठी उपाशी राहिलीय. तिला वाटेल, तिचा देवाने अपमान केला.”

सुनेने पाकीट उचललं. ती मुळातच कमी बोलणारी. आता तिच्या गप्प बसण्यावर ओझं येऊन पडलं. तिने फक्त विचारलं, “आणि तुम्हाला काय वाटतं?”

आईंनी खिडकीबाहेर पाहिलं. उन्हात धूळ तरंगत होती.

“मला वाटतं, मी प्रभूवर रुसलेली नाही. तोही माझ्यावर रुसलेला नाही. एक दिवस तो हे अंग नवं करेल, यात मला शंका नाही. तो दिवस आज आहे असं मात्र त्याने मला सांगितलेलं नाही. तोवर दुखलं की मी म्हणते, दुखतंय रे. तेवढीच प्रार्थना होते हल्ली. ताई म्हणते, ही तक्रार झाली.”

सून हळूच म्हणाली, “खुर्चीसुद्धा करकरते. पण माणूस धरून ठेवते ना.”

आई हसल्या. मीही हसले असते, पण माझ्यात त्या वेळी बैठक नव्हती.

मग ते दिवस सुरू झाले, जे मला स्वप्नासारखे आठवतात. टबात पट्ट्या भिजत. ओल्या वेताचा तो वास, पाण्याचा आणि सालीचा, खोलीभर पसरे आणि मला खालचा काळोख आठवे, आणि कवडसा. आईंचे हात शालीत, सुनेचे हात माझ्यात. “उभ्या झाल्या की आडव्या. ओढ, पण रागाने नको. आता तिरकी, खालून घे.” एक सांगत होती, दुसरी विणत होती, आणि ते हात कोणाचे हे मला नीट कळेनासं झालं. जुना वेत गेला, नवा आला, पण आठवणी सगळ्या जागच्या जागी. हे कसं होतं ते मला विचारू नका. जुनं अंग जाऊन नवं मिळालं, आणि मी मीच राहिले.

शेवटची पट्टी शनिवारी संध्याकाळी बसली. बैठक ओली होती, ढिली दिसत होती. बाबा येऊन बघून गेले. “जरा सैल वाटतेय,” म्हणाले, आणि स्वतःच ओशाळले.

रविवारी सकाळी चर्चच्या आधी पाळक घरी आले, आईंना बरोबर घेऊन जायला. मावशींनी चांगलं लुगडं नेसलं होतं. मुलाने पंख्याचं झाकण काढून ठेवलं होतं. आईंचं वरचं बटण सुनेने लावून दिलं होतं. मावशींनी आईंचा दंड धरला आणि माझ्याकडे आणलं.

“बस इथे, तुझ्या जागेवर. काय बोलणार ते एकदा पाळकांना बोलून दाखव. सुरुवात अशी कर, की मी पूर्ण बरी झाले.”

आईंनी तोंड उघडलं. ताईला नाही म्हणायचं ते तोंड नव्हतंच. त्या गुडघे वाकवून खाली टेकणार, तोच दारातून आवाज आला.

“बसू नका.”

सगळे वळले. सून होती. हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं.

“वेत अजून ओला आहे,” ती म्हणाली.

बाबा हसले. “बरोबर. मला अनुभव आहे.”

इथे मी तुम्हाला मध्येच थांबवते. कारण यापुढे ती जे बोलली, त्यानंतर मी तोंड उघडणं शोभणार नाही. माझं काय ते आत्ताच सांगून घेते.

आज मी त्याच खिडकीत आहे. बैठक ताठ आहे, सांधे जुनेच, म्हणून करकर चालूच. आईंचे हात अजून दुखतात. काही सकाळी बटण लागतं, काही सकाळी नाही. बोटं मात्र वाकलेली नाहीत. मावशी अजूनही मोठ्याने प्रार्थना करतात, फक्त आधी पाण्याचा पेला आणून आईंच्या हाताशी ठेवतात. दुपारी मला अजून तेच स्वप्न पडतं, आणि हल्ली ते वरचं पांढरं जरा जवळ वाटतं. माझं मागणं एवढंच. कोणी दुखण्याने कण्हत असेल तर त्याच्या विश्वासाचं माप काढू नका. ओझं धरून ठेवताना आवाज होतो. मी खुर्ची आहे, मला माहीत आहे.

तर त्या सकाळी सून पुढे आली. तिने मूठ उघडली. गोळ्यांचं पाकीट.

“आईही अजून बऱ्या झालेल्या नाहीत, मावशी. त्यांनी गोळ्या घेतलेल्या नाहीत, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. हात बघा त्यांचे.”

मावशींनी शाल बाजूला केली. बघत राहिल्या. पाळकांनी मान खाली घातली. पंख्याचं पातं मुलाच्या हातात तसंच राहिलं. मग मावशींचा आवाज आला, आणि या वेळी तो खरोखरच हळू होता.

“म्हणजे प्रभूने काहीच केलं नाही, असंच ना?”

सुनेने पेला आईंच्या तळव्यांत दिला, स्वतःचे हात त्याभोवती धरले.

“करतोय, मावशी. अजून वाळायचंय. तोवर आई गोळी घेतील, आणि आपण सगळे थोडा वेळ उभे राहू.”