हात न लावलेलं ढेकूळ

येडबाच्या हाताला गावात मान होता, तोंडाला नव्हे. तोंडानं तो फटकळच. पण परतीचा पाऊस उघडला की रब्बीच्या पेरणीआधी पोखर्णीच्या अलीकडच्या त्या गावात ज्याला त्याला येडबाचा हात लागायचा. रानात वीतभर खोलवरचं ढेकूळ काढायचं, मुठीत दाबायचं आणि कमरेच्या उंचीवरून सोडून द्यायचं. पडून फुटलं तर वाफसा आला, खुशाल पेरा. गोळा तसाच राहिला तर जमीन अजून ओली, दोन दिवस दम धरा. एवढंच ते शास्त्र, आणि ते लहानथोरांना तोंडपाठ होतं. तरी प्रत्येकाला वाटायचं, आपल्या मुठीपेक्षा येडबा आबाची मूठ खरी. चाळीस वर्षांत ती चुकली नव्हती, निदान चुकल्याचं कुणी तोंडावर बोललं नव्हतं.

तीन वर्षांमागे गुडघ्यांनी दगा दिला. पोरानं, शिवशंकरनं, शेत आपल्या हातात घेतलं आणि बापाला ओट्यावर बसवलं. तेव्हापासून लोकच ढेकूळ घेऊन ओट्यावर यायला लागले, कुणी रुमालात बांधून, कुणी कॅरीबॅगमध्ये. तेवढ्या दहा-पंधरा दिवसांत येडबाचा रुबाब बघावा. बाकीचं वर्ष मात्र त्याला कुणी विचारत नव्हतं, अगदी शिवशंकरसुद्धा.

उन्हाळ्यात लेक शालू माहेरपणाला आली, तेव्हा नात राजनंदिनीनं आपलं जुनं कन्सोल आजोबाला देऊन टाकलं. तळहाताएवढा पडदा, दोन्ही बाजूंना बटणं, आणि आत शेतीचा खेळ. नांगरायचं, पेरायचं, झारीनं पाणी घालायचं, कोंबड्यांना दाणे टाकायचे. पहिल्या दिवशी येडबानं त्या खेळाला यथेच्छ शिव्या घातल्या. चार दिवसांत कोबी? ही कसली शेती, ही तर पी हळद नि हो गोरी. ना शेणखत, ना हराळी, ना डुकरांचा त्रास. नात पोट धरून हसली आणि कुठलं बटण कशाचं ते शिकवून गावाला गेली.

मग हळूहळू शिव्या कमी झाल्या. खरं सांगायचं तर तिथं त्याचे गुडघे दुखत नव्हते. तिथं तो पळायचा, वाकायचा, कुदळ मारायचा, आणि मधे येऊन कुणी म्हणत नव्हतं की बाबा, तुम्ही बसा. आषाढ सरेपर्यंत त्याचा खेळातला गोठा भरला आणि एका गाईचं नाव त्यानं मनातल्या मनात हरणी ठेवलं. सत्तरीचा माणूस असा पोरासारखा खेळतो, याची त्याला लाजही वाटायची. कुणी आलं की कन्सोल चटकन वाकळेखाली जायचं. बायको कासाबाईपासून मात्र काय लपणार? करून करून भागला नि देवपूजेला लागला म्हणतात, ती म्हणायची, ह्यो तर देवपूजेलाबी लागला न्हाई.

ऑक्टोबरातली गोष्ट. पाऊस उघडून चार दिवस झाले होते. दुपारी चतुराबाई आली. तिचा नवरा चंद्रभान पुण्यात टेम्पो चालवायचा आणि इकडं ओढ्याकाठचं दोन एकर रान ही एकटी बघायची. नवऱ्याचं म्हणणं, रान बटईनं, निम्म्या वाट्यावर, कुणाला तरी देऊन टाकू, तू पुण्याला ये. हिचं म्हणणं, मला एक साल करून बघू द्या. त्या एका सालासाठी तिनं घरचा हरभरा निवडून, राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून बियाण्याला ठेवला होता. ट्रॅक्टर चार वाजता येणार होता. आज पेरावं की परवावर ढकलावं, एवढं तिला विचारायचं होतं. पदरातलं ढेकूळ तिनं ओट्याच्या कडेला ठेवलं आणि ती दाराशी उभी राहिली.

येडबाच्या दोन्ही हातांत कन्सोल होतं. वाकळेखाली सारायलाही त्याला सवड नव्हती, कारण खेळातल्या हंगामाचा तो शेवटचा दिवस होता. दिवस मावळायच्या आत भोपळे काढले नाहीत तर उद्या सगळा मळा वाळून जाणार होता. अजून तेवीस भोपळे वेलावर होते. खेळ थांबवायचं बटण होतं आणि ते त्याला ठाऊकही होतं. तरी त्यानं मान वर केली नाही.

"आलाय वाफसा," तो म्हणाला. "पेर."

चतुरानं एकवार ओट्यावरच्या ढेकळाकडं बघितलं. मग बरं म्हणून गेली.

भोपळे निघाले. येडबा खूष झाला, त्यानं कन्सोल बाजूला ठेवलं आणि अंग ताणलं, तेव्हा त्याला ढेकूळ दिसलं. त्यानं ते उचललं, दाबलं आणि सोडलं. ढेकूळ फुटलं नाही. ते गोळा होऊन पडलं आणि त्याच्या चारही बोटांचे ठसे त्यावर उमटले होते. ओढ्याकाठचं रान, तिथं पाणी उशिराच निथरणार, हे तर त्याला ढेकळाला हात न लावताही कळायला हवं होतं. घड्याळात साडेतीन वाजले होते. चतुराचा नंबर कासाबाईच्या फोनमध्ये होता आणि फोन कोनाड्यात होता. नुसतं थांब म्हणायचं होतं.

पण थांब म्हटलं की ती विचारणार, का? मघाशी तर पेर म्हणालात. मग काय सांगायचं? चाळीस वर्षांची मूठ भोपळे काढण्यात गुंतली होती, हे? जनाची नाही तरी मनाची म्हणतात, पण त्या दुपारी येडबाला जनाचीच जास्त वाटली. ऊन कडक आहे, चारपर्यंत सुकेल, एखाद्या कोपऱ्यात थोडं कमी उगवेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. चार वाजता ओढ्याच्या अंगाला ट्रॅक्टरचा आवाज आला. तो त्यानं बसल्या जागी शेवटपर्यंत ऐकला.

आठवड्यानं कळलं ते कासाबाईकडून. चतुराच्या रानात चार आणेसुद्धा उगवलं नव्हतं. बी चिखलात दबलं, वरून जमिनीनं पापुद्रा धरला आणि खाली हरभरा कुजला. पण गावानं निदान वेगळंच केलं. आबानं वाफसा बघून दिला होता म्हटल्यावर जमिनीचा दोष कसा असेल? दोष बियाण्याचा. म्हणजे चतुराचा. बियाणं ठेवणं काय सोपं काम आहे, ओल लागली असणार, घाईत भरलं असणार. चंद्रभाननं फोनवरच सांगून टाकलं की दिवाळीला आलो की रान गावातल्या मुंजाजीला बटईनं देतो आणि तुला घेऊन जातो.

येडबानं कन्सोल हातात घेणं सोडलं. जेवण तुटलं. कासाबाईनं विचारलं तर पोट ठीक नाही म्हणाला. एकदा तर चतुरा स्वतःच ओट्यावर आली आणि खालमानेनं विचारायला लागली की मामा, बी राखेत घोळण्यात माझं काही चुकलं असंल का. त्यानं एवढंच म्हटलं की होतं कधीकधी. ती गेल्यावर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीला आपल्या हाताची शंका यायला लागली होती आणि ती शंका त्यानं घालवली नव्हती.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी तो काठी टेकत निघाला. कासाबाई दारात बघत राहिली, कारण गेल्या सहा महिन्यांत तो गल्लीच्या तोंडापर्यंतही गेला नव्हता. चंद्रभानच्या घरी मुंजाजी आलाच होता. चहा चालला होता आणि बटईचं बोलणं जवळजवळ पक्कं झालं होतं. येडबा खाटेवर बसला आणि दम न खाता बोलून गेला. बी चांगलं होतं. रान ओलं होतं. मी ढेकूळ बघितलंच नव्हतं, खेळत होतो.

चंद्रभान हसला. "आबा, तुमी लय मोठ्या मनाचे. तिच्यापायी स्वतःवर कशाला घ्यायलाव?"

मुंजाजीनंही मान डोलावली. म्हातारं माणूस, सुनेसारखीला सांभाळून घेतंय, दुसरं काय. येडबानं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. ते दोघं आणखी कौतुकानं बघायला लागले. आपण इतकी वर्षं कमावलेलं नाव आता आपल्यालाच खरं बोलू देत नाही, हे त्याला कळलं.

त्यानं सदऱ्याच्या खिशातून कन्सोल काढलं आणि सुरू केलं. घरात टुणटुण गाणं वाजायला लागलं. त्यानं त्या दोघांसमोर कोंबड्या सोडल्या, हरणीची धार काढली, एक आख्खा वाफा खणला, पेरला, भिजवला. त्याचे जाडजूड अंगठे बटणांवरून असे धावत होते, की बघणाऱ्याला सांगायला नको होतं, हे कित्येक दुपारचं काम आहे. मुंजाजीनं कप खाली ठेवला आणि तो भिंतीकडं बघायला लागला. चंद्रभान पडद्याकडं बघतच नव्हता. तो त्या अंगठ्यांकडं बघत होता, आणि त्याच्या तोंडावरचं हसू निघून गेलं. येडबाच्या उभ्या आयुष्यात त्याच्याकडं कुणी असं बघितलं नव्हतं.

चतुरा आतल्या दाराशी उभी होती.

"तुमी हात लावला न्हाई ते मी तवाच बघितलं हुतं, मामा," ती म्हणाली. "पण पुन्हा कसं इचारावं? तुमी पेर म्हणालाव, मी पेरलं."

मग ती नवऱ्याकडं वळली. बी माझं चांगलंच होतं, एवढं बोलून ती थांबली. चंद्रभाननं मुंजाजीला सांगितलं की बटईचं राहू दे, यंदा बघू. मुंजाजी चप्पल घालून गेला. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर होणार, हे येडबाला माहीत होतं.

खरं बोललं की मन हलकं होतं म्हणतात. येडबाचं झालं नाही. चतुरानं त्याच्या हातात चहा दिला आणि अगदी साध्या आवाजात, घरातलं काही काम सांगावं तसं सांगितलं, "इथून पुढं माझ्या रानाचा वाफसा मीच बघत जाईन."

"बघ," तो म्हणाला. "बराबर हाय तुझं."

ती रागावली असती तर त्याला आणखी दोन शब्द बोलता तरी आले असते. त्यानं चहा कसाबसा संपवला आणि काठी धरून उठला. सणाचा दिवस, घरी आलेलं वडीलधारं माणूस. चतुरानं पदर डोक्यावर घेतला, वाकली आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याला पाय मागं घ्यायचे होते. ते त्याला जमलं नाही.