करणचा उजवा खांदा

"टेप वाचता येते काय तुले? शाया सोडून बसला अन् मले खांदा शिकवून राह्यला."

"टेप वाचाले डोये लागते मास्तर, शाया नाई," बादल म्हणे. "तुमी एकाच खांद्याचं माप घेतलं. दुसरा काय आमी वावरात ठेवून आलो?"

शेलूबाजारच्या हमरस्त्यावर भागवत मास्तरचं शिलाईचं दुकान, एक मशीन अन् एक आरसा मावंल एवढंच. मास्तर अन् बादलच्या मधात स्टुलावर करण उभा, हात अधांतरी, जसं काई पोलिसानं झडती घेतली. करण म्हणजे बादलचा मोठा भाऊ. तांड्याच्या बोलीत बादल त्याले भिया म्हणे. अकरा दिवसानं भियाचं लग्न होतं अन् कोट अजून कापडातच होता.

तसा कोट गेल्याच आठवड्यात झाला असता. वाशिमच्या एका रेडिमेड दुकानात करणनं चार कोट घालून पाह्यले. चारही उजवीकडं लोंबले, एक बाजू खाली, एक वर. तिथला सेल्समन दुसऱ्याले म्हणे, "कोट बरोबर हाय, हँगरच तिरपा हाय." बादलनं तो कोट त्याच्याच तोंडावर फेकला अन् दोघंही बाहेर निघाले. काढले म्हणा. येताना गाडीत करण एकच बोलला, "मी शर्टवरच उभा राह्यतो लग्नात." तवापासून थो आरशासमोर दाढी करे ना, अंगणात बसून हातानं चाचपून करे.

बादलले ते पाह्यवे ना. सतरा वर्षाचा पोरगा, नाकावर राग, पण नजर अशी का पोत्यातला एक खडा दुरून दिसंल. भियाच्या मागं लागून लागून त्यानं त्याले इथं आणलं. येताना करणनं बजावलं होतं, "हा शेवटचा. हा बी लोंबला तं मंग कोटाचं नाव काढू नको."

अन् मास्तरनं काय केलं? डावा खांदा मोजला, दुप्पट केला अन् वहीत लिहून मोकळा.

"चाळीस वर्षं झाले मले," मास्तर म्हणे. "माणसाले दोन खांदे सारखेच राह्यते."

"या इकडं, भिया."

बादलनं करणले दंडाले धरून उतरवलं, दुकानाच्या हिरव्या फळीच्या दाराले पाठ लावून उभं केलं. मास्तरच्या टेबलावरचा खडू उचलला, लाकडी पट्टी आडवी धरून दोन्ही खांद्याच्या वर एक-एक रेघ मारली. मंग भियाले बाजूले सरकवलं.

हिरव्या दारावर दोन पांढऱ्या रेघा. उजवी दोन बोटं खाली.

मास्तरनं चष्मा लावला. रेघा पाह्यल्या, करणकडं पाह्यलं, मंग हळूच त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. "कायचं काम करतं बावा?"

"ऊसतोड. सहा हंगाम झाले," करण म्हणे. "उसाची मोयी याच खांद्यावर घेतो. फळीवरून ट्रकात चढा लागते, तं डाव्या हातानं धरा लागते."

मास्तर स्टुलावर बसला. "तांड्यावरचे किती नवरदेव शिवले मी. लग्न झालं का कोट परत कधी दिसतच नाई कोणाच्या अंगात. मले वाटे, जपून ठेवत असतीन." त्यानं वहीचं पान फाडलं अन् नव्या पानावर 'डावा' अन् 'उजवा' असं वेगवेगळं लिहिलं.

मंग कोटाचं खरं भांडण सुरू झालं. बादलले चौकडीचं कापड पाह्यजे होतं. मास्तर म्हणे, "चौकडी म्हणजे अंगावर पट्टीच आखली. कुठं वाकडं हाय ते बोट दावून सांगते." बादलनं कापड भियाच्या खांद्यावर टाकून पाह्यलं. रेघा उजवीकडं घसरल्या. त्यानं चौकडी घडी घालून ठेवली अन् साधं गर्द निळं काढलं. कॉलरची टोकं वर निघालेली पाह्यजे होती, ते बी गेलं, टोकं खांद्याकडंच नजर नेते. खिशावर झाकण नको, हे मात्र बादलनंच सांगतलं. दोन झाकणं खालीवर दिसली का संपलं. बटन एक का दोन यावर अर्धा घंटा गेला. मास्तर दोन म्हणे, बादल एक म्हणे, अन् ज्याचा कोट थो चूप.

"तू बोल ना बे," मास्तर करणले म्हणे.

"लोंबाले नाई पाह्यजे. बस."

पाचव्या दिवशी कच्च्या शिलाईचा कोट अंगात चढला. पांढरे टाके वरूनच दिसून राह्यले होते, बाह्या नुसत्या टाचलेल्या, उजव्या खांद्यात दोन बोटं जाड पॅड. करण खाली मान घालून आरशाकडं वळला. मंग मान वर केली. दोन्ही बाजू सरळ. थो पाह्यतच राह्यला. बादल बी पाह्यत राह्यला, आपलंच काईतरी सरळ झालं असं.

करणनं उजव्या खांद्यावर बोट दाबलं. "मास्तर, याच्यातलं अर्धं काढा."

"काहून?" बादल भडकला. "आता बरोबर झालं तं तुले पुन्हा लोंबाचं हाय काय?"

"मागच्या हंगामात उज्ज्वलाची टोळी आमच्या बाजूच्या फडात होती," करण म्हणे. नवरीचं नाव घेताना कान लाल झाले होते त्याचे. "थे म्हणे, अर्ध्या कोसावरून बी तुमाले वळखो मी. सगये मोयी घेऊन चालते, पण तुमचा खांदा येगळा दिसते. एकदमच सरळ केलं तं मांडवात थे दुसऱ्याच कोणाले हार घालीन."

बादलनं बोलाले तोंड उघडलं, अन् हसू आलं त्याले. वाशिमहून आल्यापासून भिया पयल्यांदाच आरशासमोर एवढा येळ उभा होता अन् एवढं बोलला होता.

"एक बोट पॅड ठेवतो," मास्तर म्हणे. "खालची कड सरळ कापतो. खांदा तुहा राह्यते, कोट लोंबत नाई. अन् बटन एकच. तुह्या भावाचं बरोबर होतं." शेवटचं वाक्य त्यानं मशीनकडं पाहून म्हटलं. मंग विचारलं, "अस्तर कोणत्या रंगाचं?"

करणनं कोटाची आतली बाजू उघडून पाह्यली. "तिच्या शालूचं."

"फोटो हाय मोबाइलमधी," बादल म्हणे.

"फोटोतला रंग खोटा राह्यते," मास्तर म्हणे. " शालूच्या काठाची चिंधी पाह्यजे. उद्या अस्तर नाई आलं तं लग्नापर्यंत कोट होत नाई."

उज्ज्वलाचा तांडा पोहरादेवीच्या अलीकडं, मानोऱ्याच्या बाजूनं. मंगरुळवरून जाऊन परत याले संध्याकाळ. बादलचा एक पाय चपलेत होता.

"अबे च्या तं पे," करण आरशातूनच म्हणे.

"तूच पे. मंगरुळची जीप भरत आली, मले निंगा लागते आता."