हूशमला फेस येईना

रेलीननं काचेचं भांडं तिसऱ्यांदा धुतलं, उन्हात धरलं, आत डोकावून बघितलं आणि जाहीर केलं, "या भांड्याच्या दहा पावलांत कुणी यायचं नाही. तेलकट माणसांनी तर वीस!"

"आम्ही काय केलंय?" कोलेट म्हणाली. ती क्युबेकहून आलेली, कॉलेजातली, म्हणजे रेलीनपेक्षा चांगली तीन वर्षांनी मोठी. पण या शिबिरात सतरा वर्षांची रेलीन तिला झाडं शिकवत होती, त्यामुळे मोठेपणाचा हिशोब केव्हाच उलटा झाला होता.

"तू सकाळपासून चार तळलेले पाव हाणलेस. तू नुसतं बघितलंस तरी फेस बसेल."

हूशमचं असंच असतं. इवलीशी लालचुटुक फळं, चवीला कडू जहर. पण थोडं पाणी घालून घुसळायला लागा, की असा गुलाबी फेस चढतो की भांडं पुरत नाही. मग साखर घालायची आणि चमच्या-चमच्यानं खायचं. सेक्वेपेम्क, म्हणजे या मुलखातल्या मूळच्या, रेलीनच्या लोकांत हूशम खाताना कुणी गंभीर राहिल्याचं ऐकिवात नाही. फक्त तेलाचा कण लागता कामा नये. लागला की फेस येतच नाही, मग देव आला तरी.

आणि आज पहिल्यांदा डोरीनआत्यानं घुसळायचं काम रेलीनला दिलं होतं! आजच, जेव्हा जेवायला हॅल्वर्सनकाका येणार होते.

हूशमची झुडपं ज्या उतारावर होती, तो उतार काकांच्या कुंपणात होता. त्यांच्या आजोबांनी गुरांसाठी तारा ठोकल्या आणि फाटकाला कुलूप घातलं. तेव्हापासून रेलीनच्या घरची माणसं अलीकडून बघत बसायची आणि अस्वलं तारेखालून जाऊन निवांत जेवायची. यंदा शिबिरातल्या बारा मुलांना झुडपं मोजायची होती, अस्वलांचे माग नोंदवायचे होते, शिवाय ही जमीन आधी कुणाची होती तेही शिकायचं होतं. म्हणून काकांनी दोन दिवस फाटक उघडलं. फक्त दोन दिवस. पुढच्या वर्षीचं आज आत्या विचारणार होती.

"गोड बोलून काही होत नाही त्या माणसाला," आत्या कढईत पाव सोडत म्हणाली. "शाळेपासून ओळखते. हूशम खाऊ घाल, मग मी तोंड उघडते."

"आत्या, तू बघच. ढग उतरवते ढग!"

तिनं निम्मी फळं भांड्यात ओतली, बाह्या सरसावल्या आणि हातानं घुसळायला लागली. मुलं वीस पावलांवर माना लांब करून उभी. एक मिनिट झालं. पाच झाली. भांड्यात गुलाबी पाणी डुचमळत होतं. नुसतं पाणी. एक बुडबुडा वर आला आणि लाजून फुटला.

"वेळ लागतो याला," रेलीन म्हणाली.

आत्या आली, वाकली आणि भांड्याऐवजी रेलीनच्या मनगटाचा वास घेतला. "सकाळी डासांचं मलम कुणी चोपडलं गं?"

रेलीनचा चेहरा हूशमसारखा लाल झाला. वीस पावलांवरून कोलेटचा आवाज आला, "तेलकट माणसांनी कुठे उभं राहायचं म्हणालीस?" आणि बारा जणं गवतावर लोळायला लागली. रेलीनला रडू फुटणार होतं, पण मध्येच हसूच फुटलं. दोन्ही एकदम आल्यानं तिला उचकी लागली.

तिनं साबणानं पाच वेळा हात धुतले. मलम जाईना, सासूच्या टोमण्यासारखं चिकटलेलं. आत्याचे हात कढईतले. मुलांच्या अंगावर उन्हाचं मलम, पोटात आणि बोटांवर पाव. फेटायचं यंत्र सकाळी लोणी-अंड्यांत बुडालेलं. फळं उरली होती फक्त निम्मी.

तेवढ्यात धूळ उडवत गाडी आली आणि हॅल्वर्सनकाका उतरले. उंच, वाळके, फाटकाच्या खांबाला टोपी घातल्यासारखे.

"पाव घ्या, काका," कोलेटनं ताटली पुढे केली.

"नको. डॉक्टरनं तळकट बंद केलंय."

रेलीननं कान टवकारले. "हात कशानं धुतलेत तुम्ही?"

"सकाळपासून गुरांच्या टाक्या घासतोय, धुण्याच्या सोड्यानं. सालटी निघाली बघ."

"काहीही शिवू नका!" रेलीन किंचाळली. "कशालाही नाही! टोपीलासुद्धा नाही!"

काका हात वर करून उभे राहिले, पोलिसांनी पकडल्यासारखे. पाचव्या मिनिटाला ते धुतलेल्या भांड्यापुढे मांडी घालून कोपरापर्यंत हूशममध्ये होते, आणि रेलीन त्यांच्याभोवती नाचत होती. "जोरात! अहो, गाईची धार काढत नाही आहात, घुसळताय तुम्ही! गोल नको, असं, खालून वर!"

"ही पोरगी कुणाची गं, डोरीन?"

"माझ्या भावाची. तक्रार चालणार नाही."

आणि फेस चढला! आधी कडेनं, मग मधून, मग भांड्याच्या वर, गुलाबी, थरथरणारा. काका घुसळायचं थांबेचनात. साखर पडली, चमचे फिरले. काकांनी पहिला घास घेतला, कडूपणानं डोळे मिटले, मग एक उघडला. मिशीवर फेसाचा डोंगर होता. कुणी सांगितलं नाही. रेलीननं ओठ चावून धरले, पण उचकीनं घात केला, आणि मग आत्यासकट सगळे असे फुटले की काकाही हसायला लागले, कशाला ते न कळता.

आत्यानं तोंड उघडलं, "लॉइड, पुढच्या वर्षी..."

काकांनी चमचा वर करून तिला थांबवलं आणि रेलीनकडे वळले. "ते फाटक आधी वर उचलायचं, मग ओढायचं. नुसतं ओढलंस तर अडकतं. आणि आत गेल्यावर लावून घ्यायचं, माझी गुरं बाहेर पडतात."

"आणि कुलूप?" रेलीननं विचारलं.

"कापून टाकतो आज," काका म्हणाले आणि वाटी पुढे केली. "अजून आहे का?"