मातान्कीसोचा बर्फ

मे महिना सरत आला, आमच्याकडचा हिवाळा तोंडावर आला, तशी मातान्कीसोच्या तोंडी एकच भाकीत येऊ लागलं: मोतेंगच्या घाटात बर्फ पडणार. बुथा-बुथेच्या टॅक्सी स्टँडवर ती कढई मांडून माकोएन्या तळायची, आणि त्या गोल पावांबरोबर गिऱ्हाइकांना हवामानही फुकट द्यायची. आकाश निळंशार असे, ड्रायव्हर भिंतीला टेकून ऊन खात असत, तरी हिचा बर्फ पडतच असे. खरं सांगायचं तर बर्फाशी तिला काही घेणंदेणं नव्हतं. सुनेला घाट चढू द्यायचा नव्हता, एवढंच.

सून मोसा पोटुशी होती. पहिलटकरीण आपल्या आईकडे बाळंत होते, ही आमची रीत, आणि तिच्यावर सहसा कोणी वाद घालत नाही. मोसाचं माहेर घाटापलीकडे, वर मोखोत्लोंगला. दवाखान्यातल्या मशीनने मुलगी आहे म्हणून सांगितलं आणि त्या दिवसापासून सासूचं मन थाऱ्यावर राहिलं नाही.

त्याला कारण होतं. आमच्यात बाई आई झाली की तिचं नाव बुडतं. तान्कीसो जन्मला आणि ती मातान्कीसो झाली, तान्कीसोची आई. तिचं मूळचं नाव सेलोआने. तिची आई वारली त्यानंतर त्या नावाने तिला कोणी हाक मारली नव्हती. नातीला ते नाव मिळावं, घरात दिवसभर सेलोआने, सेलोआने अशी हाक ऐकू यावी, एवढीच तिला हौस. म्हणून तर लग्नाच्या दिवशीच तिने सुनेचं नाव मासेलोआने ठेवलं होतं. पोराचा पत्ता नव्हता तेव्हाच नावावर हक्क सांगून ती मोकळी झाली होती.

पण डोंगरावरच्या बायकांवर तिचा काडीचा भरवसा नव्हता. शेजारणीची नात आजोळी जन्मली ती भलतंच नाव घेऊन खाली उतरली. आपल्या घरात, आपल्या हातांवर मूल पडलं म्हणजे नावाला धक्का नाही, असा तिचा हिशेब.

एका संध्याकाळी मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला पापा आणि भाजी पुढ्यात घेऊन मोसाने आपला बेत मांडला. स्टँडवरच्या मोहापी ड्रायव्हरच्या गाडीत पुढची जागा धरायची, सकाळच्या पहिल्या फेरीला निघायचं. सोबत दोन जाड कांबळी, आईसाठी साखर, मेणबत्त्या आणि रॉकेल.

"पुढच्या आठवड्यात निघते," ती म्हणाली.

"मका सोलायचा पडलाय," मातान्कीसो म्हणाली. "का तोही तुझी आई येऊन सोलणार?"

"मका सोलून जाईन."

"जा की. मी कुठे धरून ठेवलंय?"

मका सोलून झाला. मग मातान्कीसोच्या चुलतभावाचं मयत निघालं, आणि सून नसली तर लोक काय म्हणतील म्हणून ती राहिली. मयत झालं, मग सासूचे गुडघे धरले. गुडघे सुटले तोवर जून संपत आला होता.

"आता मात्र खरंच बर्फ पडेल," मातान्कीसो समाधानाने म्हणाली. "इथे दवाखाना काय वाईट आहे? मशीन आहे, नर्स आहे."

"तान्कीसोच्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

"माझ्या आईकडे. पण तेव्हा उन्हाळा होता, आणि माझी आई सपाटीवर राहायची. शेळीसारखी कड्यावर नाही."

"शेळ्याच बऱ्या. त्या आपल्या पोरांना आपल्या माणसांत जन्म देतात."

तान्कीसो दोघींच्या मध्ये बसून ताटलीत बघत होता. पिठाच्या गिरणीत पोती उचलणारा दणकट गडी, पण घरात तोंडात मिठाची गुळणी धरायची त्याला जन्माची सवय. आईने विचारलं तर आईचं खरं, बायकोने विचारलं तर बायकोचं.

शेवटी मोसा एकटीच स्टँडवर गेली, सासू दळणाला गेलेली बघून. मोहापीने तिला पाहिलं आणि गाडीचं दार ओढून घेतलं.

"नको ग बाई. माझ्या सीटवर बाळंत झालीस तर मी काय करू?"

"अजून अवकाश आहे. कोणी सांगितलं तुला?"

"कोणी म्हणजे? रोज पाव देताना सांगते ती. कळा सुरू होऊन थांबल्यात म्हणे, कधीही होईल म्हणे. स्टँडवरचा कुणीही तुला बसवून घ्यायचा नाही."

मोसा घरी आली ती पेटूनच. सासू दारात सरपण रचत होती.

"कळा मला येतात आणि कळतात तुम्हाला?"

"लोकांच्या गाड्या खराब व्हायला नकोत," मातान्कीसो म्हणाली. लाजबीज काही नाही. "पोर माझ्या घरची आहे. तुझ्या आईने तिला डोळ्यांनी बघावं, नको कोण म्हणतं? पण उन्हाळ्यात."

"तुम्ही मला पाण्यात बघता, बघा. पण त्या लेकराचं काय वाकडं आहे तुमच्याशी?"

"तिच्यासाठीच चाललंय सगळं, मासेलोआने."

"माझं नाव मोसा आहे," सून म्हणाली आणि आत गेली.

त्या रात्री तान्कीसोने पहिल्यांदा आपलं डोकं वापरलं. उशीर फार झाला होता, हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी आई स्टँडवर गेल्यावर त्याने मोसाला कांबळ्यात गुंडाळलं आणि गावाबाहेरच्या पुलापाशी नेऊन उभं केलं. मोखोत्लोंगची एक गाडी आली. वरचा ड्रायव्हर, त्याला मातान्कीसोचं हवामान ठाऊक नव्हतं. त्याने कांबळ्याखाली काय आहे ते विचारलं नाही, आणि मोसाने सांगितलं नाही.

मातान्कीसोला कळलं तेव्हा तिने भांडी आपटली. मुलाशी बोलणं टाकलं. त्यात दुपारी वारा फिरला, डोंगर ढगांत बुडाले, आणि इतके दिवस तोंडाने पाडलेला बर्फ खरोखरच पडला. रस्ता बंद झाला, फोन लागेना. म्हातारी दारात उभी राहून वर बघत राहिली. ती घाबरली होती, आणि ते सांगायला, जिच्याशी बोलणं टाकलं नाही असं कोणी घरात उरलं नव्हतं.

रस्ता मोकळा झाल्यावर मोसाचा भाऊ खेथिसा खाली आला. अंगणात शिरला तो कोणाला नमस्कारही न करता. पहिलं मूल झाल्याची बातमी आमच्याकडे तोंडाने देत नाहीत. मुलगा असेल तर बापाच्या पाठीत काठी बसते, मुलगी असेल तर अंगावर पाणी. खेथिसाने दाराशी भरलेली बादली उचलली, वरची बर्फाची पापडी मुठीने फोडली, आणि सगळीच्या सगळी तान्कीसोच्या डोक्यावर ओतली.

तान्कीसो कुडकुडत हसला. कोणीतरी जिवंत आहे एवढं त्याला कळलं होतं.

"आणि मोसा?" त्याने विचारलं.

"बरी आहे. दोघी बऱ्या आहेत. तुमच्यामुळे नव्हे."

मातान्कीसोने डोळे पुसले. "आली माझी सेलोआने," ती म्हणाली. "बस बाबा. चहा टाकते."

"बसायला आलो नाही मी. आणि तिचं नाव ठेवून झालंय."

"कोणी ठेवलं? तुझ्या आईने?"

"माझी आई तिथे होतीच कुठे? घाटात गाडी अडकली. बायकांनी कांबळी धरून आडोसा केला, एका म्हातारीने नाळ कापली. तिनेच नाव ठेवलं, त्सेलेंग."

त्सेलेंग म्हणजे वाटेत. हे नाव ऐकलं की अंगणातलं पोरही विचारतं, कुठल्या वाटेत आणि का.

"नाव बापाच्या घराने ठेवायचं असतं," मातान्कीसोचा आवाज चढला. "कोण कुठली म्हातारी. ते नाव मी घरात घेणार नाही. तान्कीसो, सांग ह्याला."

तान्कीसोच्या कानांवरून पाणी गळत होतं. त्याने आईकडे पाहिलं, मग मेव्हण्याकडे.

"मग बापाच्या घराकडून मीच सांगतो," तो म्हणाला. "त्सेलेंगच राहील."

मातान्कीसो रात्रभर त्याला नाही नाही ते बोलली. सकाळी कढई घेऊन स्टँडवर गेली, तर बातमी तिच्याआधी येऊन बसली होती.

"त्सेलेंगच्या आजी, दोन द्या," मोहापी म्हणाला. त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा. ते काही मुद्दाम टोचत नव्हते. नात झाली की बाईला नातीच्या नावाने हाक मारतात, तशीच मारत होते.

मासेरू शहरातून आलेली एक बाई पाव घ्यायला थांबली होती. तिने ते ऐकलं.

"नात झाली का? छान. पण नाव असं का हो?"

"घाटात झाली. गाडीत."

"बाई ग. एवढ्या थंडीत? मग दिवस भरायच्या आधीच का नाही धाडली पोरीला?"

मातान्कीसोने बाईच्या हातात पाव ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. पुढे मोहापी उभा होता, आणि तोही उत्तराची वाट बघत होता.