दहा इंची पंखा

इंजिनातलं मले कोणी शिकवू नये, असं मी छाती ठोकून सांगायचो. अन् शिकवलं कोणी, तर जन्मभर वखर हाकणाऱ्या माणसानं. तोही माझा इवाई, म्हणजे पोरीचा सासरा! सांगतो तुम्हाले. हसा, पण पोटातल्या पोटात.

मी जानराव. आधी मलकापुरात कापसाच्या एका जिनात ऑइल इंजिनावर मिस्त्री होतो. मंग आमच्याकडे धरण झालं, पाणी अडलं अन् पल्याडचं टाकळी गाव तुटलं. जुना रस्ता पाण्याखाली गेला. सरकारनं मुंबईकडची एक जुनी डिझेलची लाँच आणली अन् तिच्यावर मले बसवलं. लाँचनं टाकळी वीस मिनिटं. पायी जायचं तर धरणाले वळसा घालून सात कोस, तोही नुसता दगडगोट्याचा रस्ता.

त्या लाँचच्या भरवशावर मी माझी एकुलती एक पोरगी टाकळीले दिली. मनकर्णा, माझी बायको, आडवी आली होती. "पाण्यापल्याड पोरगी देता काय? काही सुदबुद?" मी म्हणलं, "अव, लाँच कोणाच्या हातात हाये? बापाच्या! वीस मिनिटात माहेर, असं माहेर कोणाले भेटते?" अन् खरंच, चार वर्षं आशा दर मंगळवारी बाजाराले यायची, मायच्या हातची भाकर खाऊन शेवटच्या फेरीनं जायची.

चौऱ्याहत्तर साल उजाडलं अन् डिझेलचा तुटवडा आला. धरणावरचे साहेब पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता, पण वरून हुकूम आला होता. मले बोलावून म्हणाले, "जानराव, यापुढे दिवसाला दहा लिटर. त्यात भरल्या लाँचच्या चार फेऱ्या जाऊन-येऊन झाल्या पाहिजेत. येत्या शुक्रवारी मी स्वतः बसून बघणार. नाही झालं, तर लाँच दुसऱ्या धरणावर पाठवावी लागेल."

माझी लाँच तेरा लिटर खात होती. घरी सांगितलं तर मनकर्णानं नुसतं पाण्यापल्याड टाकळीकडं पाह्यलं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

पण मी काही घाबरलो नाही. मले इलाज माहीत होता. लाँचच्या बुडाशी जो पंखा फिरते, त्याच्यावर दोन आकडे असतात. एक पंख्याची रुंदी. दुसरा असा, की लाकडात स्क्रू फिरवला तसा तो एका फेऱ्यात किती पुढे सरकन. या दुसऱ्या आकड्यानं आमचा होता दहा इंची. मी महिनाभर आधीच मुंबईहून चौदा इंची मागवला होता. माझा हिशोब सरळ होता : एका फेऱ्यात जास्त पुढे, म्हणजे फेरे कमी. फेरे कमी, म्हणजे डिझेल कमी. जिनात पट्ट्याचं चाक बदलून मी असंच तेल वाचवलं होतं. आता यात चुकायले काय हाये?

सोमवारी पंखा बसवला अन् एकट्यानंच पल्याड जाऊन आलो. बाप्पा, काय पळाली लाँच! टाकीत वेळूची काडी बुडवून पाह्यलं, तर डिझेल हललंच नाही म्हणा ना. मी गावभर सांगत सुटलो. मनकर्णाले म्हणलं, "झालं काम. कर पुरणपोळी."

"शुक्रवार होऊ द्या," ती म्हणाली.

मंगळवारी संक्रांतीचा बाजार. टाकळीहून लाँच भरली. तीस माणसं, कपाशीची गाठोडी, वांग्याची पोती, दोन बकऱ्या. आशा होती, अन् तिचा सासरा हिंमतरावही होता. आशाच्या पायाशी तिची लोखंडी पेटी दिसली. बाजाराले पेटी घेऊन कोण येते?

"काऊन व, पेटी कशाले?"

आशाच्या आधी हिंमतरावच म्हणाले, "इवाई, लाँच जाते असं आयकलं. मंग पोरगी मायले केव्हा दिसन, काय भरवसा? म्हणलं, महिनाभर राहू दे."

"कुठं नाही जात लाँच!" मी तडकलो. "चौदा इंची पंखा हाये आता. बसा नं पाहा!"

पाह्यलं सगळ्यांनी. दोर सोडला अन् इंजिन कण्हायलेच लागलं. मी वेगाचा दांडा जितका ओढला तितकं ते दबलं. मागून काळा धूर असा, की बकऱ्या खोकल्या. वीस मिनिटांची वाट पस्तीस मिनिटं चालली. काठाले लागून काडी बुडवली तर नुसत्या येण्याच्या खेपेले अडीच लिटर गेलं होतं.

बाकीचे उतरले. हिंमतराव तिथंच बसून सुपारी कातरत होते. "इवाई, एक इचारू? रागवू नका. तुम्ही हा पंखा तपासला तवा लाँचीत कोण होतं?"

"कोणी नाही. मी एकटा."

"अन् चालवता कवा? तीस माणसं घालून!" ते हसले. "भुरक्या, हलक्या रानात वखराले लांब पात्याची पास लावली त ते मजेनं पळते. तीच पास काळ्या ओल्या रानात घाला, बैल जीभ काढते. आखूड लावा लागते. पास बैल पाहून नाही, रान पाहून लावतात. तुमचं रान म्हणजे ही तीस माणसं."

मले असा संताप आला, असा संताप आला! जिनात पंधरा वर्षं घातली मी, अन् हे मले वखर शिकवतात! पण संताप येते कवा? समोरचा खरं बोलला तवाच. इंजिनाले त्याचे पुरे फेरे घेऊच दिले नव्हते मी. दम कोंडला होता त्याचा, म्हणून डिझेल अर्धं जळे अन् अर्धं धूर होऊन जाय.

म्हणजे जुना दहा इंचीच बरोबर होता! मंग तो तेरा लिटर काऊन खाये? काढून नीट पाह्यला, तर बुडालेल्या बाभळीच्या खुंटाले लागून त्याच्या एका पात्याचं टोक उडालं होतं; तोल गेल्यानं तो हादरत फिरे अन् इंजिनाची ताकद वाया जाय. चार वर्षं मी त्या पंख्याले नावं ठेवली, पण हात लावून पाह्यलं नव्हतं.

कडूबा लोहार आमच्याकडे वखराच्या पासा ठोकते. लाँच बंद ठेवून त्याच्या भात्यापाशी दोन दिवस बसलो. पंख्यात सळई घातली, ती दोन सुऱ्यांच्या धारेवर ठेवली. जड पातं खाली यायचं, ते कानशीनं घासायचं. पुन्हा ठेवायचं, पुन्हा घासायचं. हिंमतराव आमच्याकडंच मुक्कामाले राह्यले होते, रोज येऊन बसत अन् म्हणत, "होईन, होईन." गुरुवारी दिवे लागायच्या आधी पंखा सुऱ्यांवर कसाही ठेवला तरी तसाच राह्यला. कडूबा म्हणाला, "घ्या मिस्त्री, तोल जमला."

शुक्रवारी साहेब आले. "आधी रिकामीच नेऊन बघू," म्हणाले.

"नाही साहेब," मी हात जोडले. "रिकाम्या लाँचीनं मले एकदा फशिवलं हाये. माणसं भरा."

टाकीत मोजून दहा लिटर ओतलं. चार वेळा गेलो, चार वेळा आलो. इंजिन मोकळ्या गळ्यानं गात होतं. शेवटच्या खेपेले काठावर मनकर्णा अन् आशा उभ्या होत्या, दोघींचे डोळे काडीवर. साहेबांनी काडी स्वतः बुडवली, दोनदा बुडवली. दीड लिटर शिल्लक! साहेबांनी माझा हात धरला अन् म्हणाले, "लाँच इथेच राहील." मी तिथंच चिखलात फतकल मारून बसलो. चार दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

संक्रांत झाली. मंगळवारी आशानं सासरी जायले एक पिशवी घेतली. पेटी मायनं खाटेखाली सरकवली. "राहू दे इथंच. कशाले नेतं-आणतं? पुढल्या मंगळवारी येशीनच." आशा हसली, मायही हसली. पोरगी सासरी जाताना आमच्या घरात कोणी रडलं नाही, असं पह्यल्यांदाच झालं.

म्हणजे, एक जण सोडून. दोर सोडला, आशा समोर बसली, अन् माझ्या डोळ्याले धार लागली. धुराचं निमित्त सांगावं, तर लाँचीले आता धूरच नव्हता.